इंग्रजीत जन्मलेला मंगा : रूप, रचना आणि करार

जपानी मंगा तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. निदान मंगावर आधारलेल्या 'नारुतो' किंवा 'वन पीस' या ॲनिमे मालिका तरी पाहिल्या असतील. या पाठात आपण मंगासारख्याच दिसणाऱ्या, पण जपानीतून भाषांतरित न झालेल्या पुस्तकांचा विचार करणार आहोत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या चित्रकारांनी ही पुस्तके मुळातच इंग्रजीत लिहिली आणि रेखाटली. या प्रकाराला 'ओरिजिनल इंग्लिश लँग्वेज मंगा', थोडक्यात 'ओईएल मंगा' म्हणतात. 'वर्ल्ड मंगा', 'ग्लोबल मंगा', 'अमेरिमंगा' अशीही नावे वापरात होती. सोयीसाठी आपण 'इंग्रजी मंगा' असे म्हणू.

हा विषय केवळ कॉमिक्सची आवड असणाऱ्यांसाठी नाही. एका देशात पिकलेली कला दुसऱ्या देशात रुजवायची असेल, तर नेमके काय उचलावे लागते, हा यातला खरा प्रश्न आहे. अभियांत्रिकीत आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग शिकतो. तयार वस्तू उघडून तिचे भाग मोजता येतात. पण ती वस्तू ज्या कारखान्यात आणि ज्या करारांखाली बनली, ते वस्तू उघडून दिसत नाही. इंग्रजी मंगाच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि त्याची किंमत विशी-पंचविशीतल्या चित्रकारांनी मोजली.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :
१. 'मंगा' या शब्दाच्या व्याख्येवर वाद का होतो.
२. मंगाचे रूप, त्याच्या पानाची रचना आणि त्याची उत्पादनव्यवस्था या तीन थरांतला फरक.
३. इंग्रजी मंगाची भरभराट आणि पडझड कशी झाली.
४. चित्रकाराने करारावर सही करण्यापूर्वी काय तपासावे, आणि भारतीय कायदा याबाबत काय सांगतो.

१. नावाचा वाद

जपानमध्ये 'मंगा' म्हणजे कॉमिक्स. तिथल्या वाचकाला हा शब्द चित्रमालिकेच्या कोणत्याही प्रकारासाठी वापरता येतो. जपानबाहेर मात्र त्याचा अर्थ आकसून 'जपानी कॉमिक्स' असा झाला. त्यामुळे 'अमेरिकेत काढलेला मंगा' हे शब्द ऐकले की काहींना ते परस्परविरोधी वाटतात. त्यांच्या मते मंगा हे उगमाचे नाव आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की मंगा ही शैली आहे, आणि शैली कोणीही शिकू शकतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणून ठरलेल्या भागाबाहेर विणलेल्या साडीला 'पैठणी' म्हणून विकण्यावर कायद्याचे बंधन येते. मंगाला असे कोणतेही कुंपण नाही. कॉपीराइट विशिष्ट चित्राला, विशिष्ट कथेला, विशिष्ट शब्दांना मिळतो. डोळे मोठे काढण्याच्या पद्धतीला मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मंगाच्या शैलीत काढायला सगळे जग मोकळे आहे. वाद उरतो तो फक्त अस्सलपणाचा.

अस्सलपणाचा हा वाद चंडीगडमध्ये राहणाऱ्यांना नवा नाही. या शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या फ्रेंच वास्तुविशारदाने केला. त्याच्याबरोबर पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते, आणि भारतीय वास्तुविशारदांचा मोठा संघही होता. मग हे शहर भारतीय की परदेशी? इथल्या सचिवालयाच्या किंवा उच्च न्यायालयाच्या इमारतीकडे पाहा. दर्शनी भागावर काँक्रीटच्या खोल खोबण्या आहेत. त्या उत्तर भारतातले कडक ऊन अडवण्यासाठी आहेत. बाहेरून आलेली कल्पना इथल्या अडचणीला उत्तर देऊ लागली की ती इथली होऊ लागते. इंग्रजी मंगालाही हीच कसोटी लावता येते. 'हा चित्रकार जपानी आहे का?' असे विचारण्यापेक्षा 'या शैलीने त्याचे कोणते काम साधले?' असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

२. थोडा इतिहास

ही देवाणघेवाण एकतर्फी कधीच नव्हती. आधुनिक मंगाचे जनक मानले जाणारे ओसामू तेझुका लहानपणापासून डिस्नेचे चित्रपट पाहत आले होते. मंगातले मोठे, चमकदार डोळे त्या प्रभावातूनही आले. म्हणजे आज अमेरिकन मुले ज्याला जपानी वैशिष्ट्य समजून गिरवतात, त्याचा एक धागा अमेरिकेतूनच जपानला गेला होता.

उलट दिशेचा प्रवास असा झाला :

• १९७८ : वेंडी आणि रिचर्ड पिनी यांची 'एल्फक्वेस्ट' मालिका सुरू झाली. वेंडी पिनी यांच्या रेखाटनावर तेझुकांचा प्रभाव होता.
• १९८३ : फ्रेडरिक शॉट यांचे 'मंगा! मंगा!' हे पुस्तक आले. इंग्रजी वाचकांना जपानी कॉमिक्सच्या जगाची सविस्तर ओळख त्यातून झाली. त्याच वर्षी फ्रँक मिलर यांची 'रोनिन' मालिका सुरू झाली. तिच्यात 'लोन वुल्फ अँड कब' या जपानी मालिकेची छाप उघड दिसते.
• १९८७ : टेक्सासमधल्या अँटार्क्टिक प्रेसच्या बेन डन यांनी 'निंजा हायस्कूल' सुरू केले. मंगा आणि ॲनिमेच्या वेडावर उभी राहिलेली ही सुरुवातीची अमेरिकन मालिका.
• १९८८ : ॲडम वॉरन यांनी 'डर्टी पेअर' या जपानी कथेतल्या पात्रांवर परवानगी घेऊन नवी इंग्रजी कॉमिक्स काढली. त्याच वर्षी मार्व्हलने 'अकिरा' रंगवून, पाने उलटवून इंग्रजीत आणायला सुरुवात केली.
• २००० : फ्रेड गॅलघर आणि रॉडनी कॅस्टन यांनी 'मेगाटोकियो' ही मालिका वेबवर सुरू केली. गॅलघर पेशाने वास्तुविशारद होते.

या टप्प्यापर्यंत इंग्रजी मंगा हा हौशी आणि तुरळक प्रकार होता. तो बाजारपेठेचा भाग बनला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याकडे वळण्याआधी मंगाचे तीन थर समजून घेऊ.

३. पहिला थर : रूप

रूप म्हणजे पाहताक्षणी दिसते ते. मोठे डोळे, टोकदार केस, काळ्या-पांढऱ्या पानावर छापील ठिपक्यांच्या पारदर्शक कागदाने दिलेली करडी छटा, वेग दाखवणाऱ्या रेषा. त्याशिवाय ठरलेल्या खुणा असतात : ओशाळलेपणासाठी कपाळावर घामाचा थेंब, रागासाठी फुगलेली शीर, आणि पात्र अचानक लहान मुलासारखे बुटके काढून केलेला विनोद. घामाच्या थेंबाची खूण इतकी ओळखीची झाली की ब्रिटनमधल्या मंगाशैलीच्या एका चित्रकारगटाने 'स्वेटड्रॉप स्टुडिओज' हेच नाव घेतले.

हा थर सर्वांत लवकर शिकता येतो. तो शिकवणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत. म्हणूनच इंग्रजी मंगावरची पहिली टीकाही इथेच होते : 'नुसते डोळे मोठे केले म्हणजे मंगा होत नाही.' टीका बरोबर आहे, पण अपुरी आहे. मग मंगा कशाने होतो, ते तिच्यात सांगितलेले नसते.

४. दुसरा थर : पानाची रचना

कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत वाचक काय घडले ते मनाने भरून काढतो. स्कॉट मॅक्लाऊड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या १९९३ च्या पुस्तकात चौकटीवरून चौकटीवर जाण्याचे सहा प्रकार मांडले. अमेरिकन कॉमिक्समध्ये 'एका कृतीवरून पुढच्या कृतीवर' हा प्रकार सर्वांत जास्त असतो. नायक मूठ उगारतो, पुढच्या चौकटीत खलनायक कोसळतो. जपानी मंगात आणखी एक प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो : एकाच क्षणाची वेगवेगळी अंगे दाखवणे. पावसाचे थेंब, ओला रस्ता, खिडकीची काच, पात्राचा हात. कथा पुढे सरकत नाही. वाचक त्या जागेत थांबतो.

असे थांबणे परवडायला पाने लागतात. बावीस-चोवीस पानांच्या अमेरिकन मासिक अंकात पावसासाठी चार चौकटी खर्चणे कठीण असते. दोनशे पानांच्या मंगात ते सहज जमते. म्हणजे रचनेचा हा गुण पुस्तकाच्या आकाराशी बांधलेला आहे.

दुसरा मुद्दा वाचनाच्या दिशेचा. जपानी मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. सुरुवातीची इंग्रजी भाषांतरे आरशातल्या प्रतिमेसारखी उलटवून छापत, त्यामुळे तलवारबाज डावखुरे होत. मूळ इंग्रजीत काढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डावीकडून उजवीकडे हीच दिशा ठेवली. काहींनी मात्र 'अस्सल' वाटावे म्हणून चौकटी उजवीकडून मांडल्या. त्याचा परिणाम विचित्र होतो : फुग्यातली इंग्रजी ओळ वाचताना डोळा उजवीकडे जातो आणि पुढच्या चौकटीसाठी त्याला डावीकडे यावे लागते. भाषांतरात ही तडजोड समजण्यासारखी आहे. स्वतःच्या भाषेत नव्याने काढताना तिचे कारणच उरत नाही.

तिसरा मुद्दा संवादाच्या फुग्याचा, आणि तो आपल्याला थेट लागू पडतो. जपानी मजकूर फुग्यात उभा लिहितात, म्हणून फुगे उंच आणि अरुंद असतात. त्यात इंग्रजी शब्द तुटतात. देवनागरीची अडचण आणखी मोठी. आपल्या शब्दांना विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून येतात. 'विद्यापीठापर्यंतसुद्धा' हा शब्द शिरोरेषेसह अरुंद फुग्यात कसा बसवाल? मराठीत मंगाशैली वापरायची तर फुगा आडवा आणि ऐसपैस आखावा लागेल, आणि फुगा बदलला की चौकटीची मांडणीही बदलेल.

चौथा मुद्दा आवाजांचा. जपानी भाषेत आवाजाची नक्कल करणारे शब्द विपुल आहेत, आणि आवाज नसलेल्या स्थितींसाठीही तसेच शब्द आहेत. अगदी शांततेसाठीही मंगात एक शब्द चित्रासारखा मोठा लिहितात. इंग्रजीत आवाजाचे शब्द आहेत, पण स्थितीचे शब्द त्या मानाने थोडे आहेत. त्यामुळे इंग्रजी मंगाकारांना तिथे अडखळावे लागते. मराठीची तऱ्हा वेगळी. 'धाडकन', 'खळखळ', 'करकर' हे आपले आवाज झाले. पण 'लुकलुक', 'चुळबुळ', 'झगमग', 'घालमेल' हे शब्द आवाज न करता दृश्य किंवा मनःस्थिती उभी करतात. मंगाच्या पानाला जे लागते त्याचा साठा आपल्या भाषेत आधीपासून आहे. या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा जपानीच्या जवळ उभी राहते.

५. तिसरा थर : उत्पादनव्यवस्था

पहिले दोन थर पानावर दिसतात. तिसरा दिसत नाही.

जपानमध्ये मंगा प्रथम जाडजूड, स्वस्त साप्ताहिकांत किंवा मासिकांत प्रकरणाप्रकरणाने छापला जातो. 'शोनेन जंप' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध साप्ताहिक १९६८ मध्ये सुरू झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचा खप ६५ लाख प्रतींवर गेला होता. प्रत्येक अंकाबरोबर वाचकांची मते मागवली जातात. ज्या मालिकेला वाचक कमी, ती बंद होते. जी टिकते तिची प्रकरणे पुढे छोट्या पुस्तकांच्या रूपात निघतात. चित्रकाराबरोबर संपादक प्रत्येक प्रकरणाच्या कच्च्या आराखड्यावर चर्चा करतो. पार्श्वभूमी, करड्या छटा, रेषांची सफाई यांसाठी मदतनीस असतात, आणि मदतनीस म्हणून उमेदवारी करतच अनेक जण पुढे स्वतःची मालिका काढतात.

ही व्यवस्था कठोर आहे. तिच्यात माणसे थकतात, आजारी पडतात. पण ती तीन कामे करते. चित्रकाराला दर आठवड्याला किंवा महिन्याला पानांचे पैसे मिळतात. वाचकांचा प्रतिसाद लगेच कळतो. आणि नवशिक्याला शिकायला जागा मिळते. दुकानात दिसणारे छोटे पुस्तक हे या साखळीचे शेवटचे टोक असते.

इंग्रजी मंगाच्या प्रकाशकांनी उचलले ते हे शेवटचे टोक. तेवढाच आकार, तेवढीच जाडी, तेवढीच काळी-पांढरी छपाई. पण मागे साप्ताहिक नव्हते, वाचकांची मते नव्हती, मदतनीसही सहसा नसत. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाने किंवा मुलीने दीड-दोनशे पाने बहुतांशी एकट्याने पूर्ण करायची, आणि ती चालतील की नाही हे पुस्तक दुकानात गेल्यावरच कळायचे. साप्ताहिकात पडलेले प्रकरण पुढच्या आठवड्यात सावरता येते. पुस्तकात ती सोय नाही.

६. टोकियोपॉपची गोष्ट

स्टुअर्ट लेव्ही यांनी १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'मिक्स' नावाची कंपनी काढली. तीच पुढे 'टोकियोपॉप' झाली. २००२ मध्ये कंपनीने पाने न उलटवता, मूळ दिशेतच मंगा छापायचे ठरवले. उलटवण्याचा खर्च आणि वेळ वाचला, दहा डॉलरच्या आत पुस्तक मिळू लागले आणि 'हेच अस्सल' अशी जाहिरातही करता आली. कॉमिक्सच्या खास दुकानांत सहसा न जाणाऱ्या मुली साध्या पुस्तकदुकानांतल्या मंगाच्या कपाटासमोर बसून वाचू लागल्या. अमेरिकन कॉमिक्सने हा वाचक बराच काळ दुर्लक्षित ठेवला होता.

त्याच वर्षी कंपनीने 'रायझिंग स्टार्स ऑफ मंगा' ही स्पर्धा सुरू केली. लघुकथेइतका मंगा पाठवायचा. निवडलेल्या कथा संग्रहात छापल्या जायच्या आणि चांगल्या स्पर्धकांना पुस्तकाचा करार मिळण्याची शक्यता असायची. या काळात कंपनीने अनेक नव्या चित्रकारांना संधी दिली, हे मान्य केले पाहिजे. रशियात जन्मून कॅनडात स्थायिक झालेल्या स्वेतलाना श्माकोव्हा यांचे 'ड्रामाकॉन', हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन क्वीनी चॅन यांचे 'द ड्रीमिंग', एम. ॲलिस लग्रो यांचे 'बिझेनघास्ट' आणि फेलिपे स्मिथ यांचे 'एमबीक्यू' ही सर्व २००५ पासून येऊ लागली.

आता कराराकडे पाहू. यांतल्या बऱ्याच पुस्तकांत कॉपीराइटच्या ओळीवर चित्रकार आणि कंपनी अशी दोन नावे असत. म्हणजे मालकी वाटलेली होती. २००८ मध्ये कंपनीने 'मंगा पायलट्स' या उपक्रमासाठी कराराचा मसुदा जाहीर केला. त्यात चित्रकाराने आपले नैतिक हक्क सोडून द्यावेत अशी अट होती. कृतीला आपले नाव लागणे आणि तिची मोडतोड न होणे, हे ते हक्क. व्यवसायातल्या अनेक चित्रकारांनी तरुणांना जाहीर इशारा दिला की हे वाचल्याशिवाय सही करू नका.

त्यानंतर घसरण सुरू झाली. २००८ मध्येच कंपनीने कर्मचारी कमी केले आणि अनेक मालिका थांबवल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये 'बॉर्डर्स' या पुस्तकदुकानांच्या मोठ्या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एप्रिल २०११ मध्ये टोकियोपॉपने अमेरिकेतले प्रकाशन बंद करत असल्याचे जाहीर केले. कंपनी पुढे काही वर्षांनी पुन्हा प्रकाशनात उतरली, पण २०११ मध्ये जे घडले ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे.

जपानी पुस्तके कंपनीने परवान्यावर घेतलेली होती. परवाना संपला की हक्क आपोआप जपानी मालकाकडे परत जातो, आणि तो दुसऱ्या प्रकाशकाला देता येतो. मूळ इंग्रजी पुस्तकांचे तसे नव्हते. तिथे कंपनी स्वतःच सहमालक होती. प्रकाशन थांबले तरी मालकी थांबली नाही. त्यामुळे तिसरा भाग काढायची इच्छा असलेला चित्रकार स्वतःच्याच पात्रांना घेऊन दुसऱ्या प्रकाशकाकडे जाऊ शकत नव्हता. काहींच्या कथा मध्येच तुटल्या, त्या तुटल्याच. दूर जपानमध्ये बसलेल्या मालकाचे हक्क सुरक्षित राहिले आणि ज्यांना 'आमचे उगवते तारे' म्हणून पुढे आणले होते ते अडकले. रूप दोघांचे सारखेच होते. करार वेगळे होते.

७. जे टिकले, ते कशामुळे?

त्याच काळातली काही वेगळी उदाहरणे बाजूला ठेवून पाहा.

कॅनडाचे ब्रायन ली ओ'मॅली यांनी 'स्कॉट पिलग्रिम'चे सहा भाग २००४ ते २०१० या काळात ओनी प्रेस या छोट्या प्रकाशनाकडून काढले. आकार मंगाचा, सुरुवातीची छपाई काळी-पांढरी, रेषेवर जपानी संस्कार; पण गोष्ट टोरांटोतल्या बेरोजगार तरुणांची, त्यांच्या बँडची आणि व्हिडिओ गेमच्या वेडाची. वर सांगितलेली कसोटी इथे लावून बघा : उसन्या शैलीने स्वतःच्या शहराची गोष्ट सांगितली. ओ'मॅलींनी मालकीही स्वतःकडे ठेवली. २०१० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०२३ मध्ये जपानी स्टुडिओने तिचा ॲनिमे केला.

'मेगाटोकियो' वेबवर चालत होती, म्हणजे तिच्याजवळ साप्ताहिकासारखे नियमित प्रकाशन आणि वाचकांचा ताबडतोब प्रतिसाद होता. तिचे पुस्तकांचे प्रकाशक बदलत गेले, तरी मालिका चालू राहिली, कारण प्रकाशकाबरोबर पात्रे जात नव्हती. पुढे कोदान्शा या मोठ्या जपानी प्रकाशनाने तिची जपानी आवृत्ती काढली.

फेलिपे स्मिथ थेट जपानला गेले. २००८ पासून त्यांची 'पीपो चू' ही मालिका कोदान्शाच्या मासिकात जपानीत आली. एक परदेशी चित्रकार जपानी व्यवस्थेच्या आतच शिरला. त्या कथेचा विषयही मार्मिक आहे : जपानबद्दल भाबडी स्वप्ने पाहणारा अमेरिकन मंगावेडा मुलगा तिथे पोहोचल्यावर काय पाहतो.

स्वेतलाना श्माकोव्हा दुसऱ्या प्रकाशनाकडे गेल्या आणि शाळकरी मुलांसाठी 'ऑकवर्ड' हे पुस्तक २०१५ मध्ये काढले. ते रंगीत आहे आणि त्यावर 'मंगा' असा शिक्का मारण्याची गरज कोणाला वाटली नाही. मंगातून शिकलेली चेहऱ्यावरच्या भावांची बोली मात्र त्यात जागोजाग दिसते. इंग्रजी मंगा हे नाव मागे पडत गेले, पण त्याचे संस्कार इंग्रजी बालकुमार कॉमिक्समध्ये असे मिसळून गेले.

८. भारतात हा प्रश्न कसा येतो?

आपल्याकडेही मंगाशैली रुजते आहे. मुंबईचे जझील होमावझीर यांनी २०१० च्या सुमारास 'द बीस्ट लीजन' ही मंगाशैलीतली इंग्रजी मालिका वेबवर सुरू केली. देवाणघेवाणीचे उलटे उदाहरणही मुंबईचेच आहे. 'सूरज : द रायझिंग स्टार' या २०१२ च्या ॲनिमे मालिकेत एका जुन्या जपानी बेसबॉल मंगाची कथा मुंबईतल्या क्रिकेटपटू मुलाची केली होती. आज आपल्यापैकी कोणीही फोनवर किंवा टॅब्लेटवर चित्रे काढून वाचकांपर्यंत पोहोचवू शकतो. म्हणून करार हा विषय दूरचा राहिलेला नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातली तीन कलमे प्रत्येक चित्रकार, लेखक आणि प्रोग्रॅमर यांनी लक्षात ठेवावीत.

कलम १७ : कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. पण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते.

कलम १९ : हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावे लागते. किती वर्षांसाठी दिले हे लिहिले नसेल तर पाच वर्षे धरली जातात. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारत धरला जातो. शिवाय, हक्क घेणाऱ्याने ते एक वर्षाच्या आत वापरले नाहीत, तर करारात वेगळे नमूद नसल्यास ते हस्तांतर रद्द झाले असे मानले जाते. मागच्या भागातल्या चित्रकारांच्या स्थितीशी ही तरतूद ताडून बघा. पण 'वेगळे नमूद नसल्यास' हे शब्द विसरू नका. बारीक अक्षरातले एक वाक्य हे संरक्षण काढून घेऊ शकते.

कलम ५७ : हक्क विकल्यानंतरही कर्त्याला कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले.

चंडीगडचे फर्निचरही इथे आठवावे. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या कार्यालयांसाठी सागवानी खुर्च्या-टेबले बनली. पुढे ती भंगार म्हणून लिलावात निघाली आणि परदेशात पिएर जानरे यांच्या नावाने प्रचंड किमतींना विकली गेली. ज्या सुतारांनी ती घडवली त्यांची नावे त्या लिलावांत क्वचितच ऐकू येतात. वस्तू टिकते, तिची किंमत वाढते. पण कर्त्याचे नाव आणि हक्क कागदावर नसतील तर ती वाढ त्याच्यापर्यंत येत नाही.

सही करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न असे :
१. मी हक्क विकतो आहे की ठरावीक काळासाठी परवाना देतो आहे?
२. पुस्तकाचे हक्क देतो आहे, की पात्रांचे, चित्रपटाचे आणि खेळण्यांचेही?
३. प्रकाशकाने काम थांबवले तर हक्क मला किती दिवसांत परत मिळतील?
४. माझे नाव कुठे आणि कसे छापले जाईल?
५. पुढचा भाग दुसऱ्याकडून करून घेण्याची मुभा त्यांना आहे का?

सारांश

मंगाचे रूप महिन्या-दोन महिन्यांत गिरवता येते. पानाची रचना आत्मसात करायला वर्षे लागतात, आणि ती आपल्या लिपीनुसार, भाषेनुसार बदलावी लागते. उत्पादनव्यवस्था आणि मालकी यांची नक्कल नुसते पाहून होत नाही; ती वाचून, विचारून, घासाघीस करून ठरवावी लागते. २००५ ते २०११ या काळातल्या इंग्रजी मंगाकारांची चित्रे वाईट होती म्हणून त्यांची पुस्तके अर्धवट राहिली असे म्हणता येत नाही. त्यांच्यातले अनेक जण आजही उत्तम काम करत आहेत. अडले ते तिसऱ्या थरावर. तुम्ही चित्रे काढत असाल, ॲप बनवत असाल किंवा संगीत रचत असाल, पहिले दोन थर तुम्ही आवडीने शिकालच. तिसरा थर आवडीचा नाही, म्हणूनच तो मुद्दाम शिका.

स्वाध्याय

१. तुमच्या आवडीच्या कोणत्याही मंगाचे एक पान घ्या. त्यातल्या चौकटींमधले संक्रमण 'कृतीवरून कृतीवर' आहे की 'एकाच क्षणाची अंगे' दाखवणारे, याची मोजणी करा.
२. त्याच पानावरचे संवाद मराठीत लिहून फुग्यांत बसवण्याचा प्रयत्न करा. कोणते फुगे बदलावे लागले आणि त्यामुळे चित्रात काय बदलले?
३. आवाज नसलेली स्थिती सुचवणारे दहा मराठी शब्द शोधा आणि प्रत्येकासाठी एक चौकट आखा.
४. 'शैलीला कॉपीराइट असावा का?' या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दीडशे शब्द लिहा.
५. एखाद्या वेबकॉमिक किंवा व्हिडिओ मंचाच्या वापरअटी वाचा. वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात का ते तपासा.